वाडीची वीज वहाळावर: पाणी मोजण्यापासून दिवे लागेपर्यंत

घाटाखालच्या वाडीत किंवा आडवाटेच्या धनगरवाड्यावर वहाळाच्या (ओढ्याच्या) पाण्यातून वीज करायची ठरते, तेव्हा पहिली खरेदी होते ती यंत्राची. पाणी मोजायचं सुचतं ते नंतर, आणि तेही श्रावणात, वहाळ दुथडी भरून वाहत असताना. डिसेंबर उजाडतो, पाणी निम्म्यावर येतं, यंत्र फिरतं पण दिवा नीट लागत नाही. मग खापर यंत्रावर फुटतं. यंत्रात काही खोट नसते, ते त्या पाण्याच्या मापाचं नसतं.

म्हणून क्रम असा धरायचा: पाणी, उंची, गरज, हक्क, बांध, पाइप आणि मग यंत्र. खाली सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: १२ घरांची वाडी, ३० मीटर उंची, सेकंदाला १० लिटर पाणी, १२० मीटर पाइप आणि यंत्रापासून वाडीपर्यंत ४०० मीटर तार. आपले आकडे घालून गणित पुन्हा करा. उदाहरणातले आकडे उचलून खरेदी करू नका.

## टप्पा १: पाणी मोजा, पण कोरड्या दिवसांत

सह्याद्रीत पाऊस चार महिन्यांत पडून जातो. काळा पाषाण पाणी फारसं धरून ठेवत नाही, त्यामुळे पाऊस थांबला की वहाळ झपाट्याने उतरतो. जांभ्याचा सडा (माथ्यावरचं खडकाळ पठार) आणि त्याखालची शेडी माती यांच्या सांध्यातून झिरपणारे झरे मात्र सावकाश आटतात. वरच्या अंगाला असा झरा असेल तर वहाळ फेब्रुवारी-मार्चपर्यंत साथ देतो, नसेल तर दिवाळीनंतर महिन्या-दीड महिन्यात जीव टाकतो. तुमचा वहाळ कुठल्या जातीचा आहे ते मोजल्याशिवाय कळत नाही. म्हातारी माणसं 'बारमाही' म्हणतात ते पिण्याच्या पाण्यापुरतं. विजेला लागणारं पाणी वेगळं.

१५ नोव्हेंबरपासून मे अखेरपर्यंत दर पंधरा दिवसांनी एकाच जागी, एकाच पद्धतीने मोजा आणि तारखेसकट वहीत लिहा. आदल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस झाला असेल तर ते माप सोडून द्या.

पिंपाची पद्धत (सेकंदाला १० लिटरपर्यंत). दगडमातीचा छोटा बांध घालून सगळं पाणी एका पाइपातून काढा आणि खाली २०० लिटरचा पिंप धरा. तो २० सेकंदांत भरला तर प्रवाह सेकंदाला १० लिटर. पाच वेळा भरून सरासरी काढा. बांधाच्या कडेने झिरपणारं पाणी मातीने किंवा प्लास्टिकच्या कागदाने आधी बंद करा, नाहीतर माप कमी येईल.

खाचेची पद्धत (त्याहून जास्त पाण्याला). पत्र्याच्या किंवा १२ मिलिमीटर प्लायच्या फळीत काटकोनाची, म्हणजे ९० अंशांची, व्हीसारखी खाच कापा. कड धारदार ठेवा आणि उतार खालच्या अंगाला द्या. फळी वहाळात उभी, सरळ आणि आडवी समपातळीत बसवा. खाचेच्या वरच्या बाजूला, निदान एक मीटर मागे, एक काठी ठोका. काठीवरचं शून्य खाचेच्या टोकाच्या पातळीला असलं पाहिजे. काठीवर पाणी किती चढलं ते वाचा:

१० सेंटिमीटर – सेकंदाला सुमारे ४.४ लिटर
१५ सेंटिमीटर – १२ लिटर
२० सेंटिमीटर – २४.७ लिटर
२५ सेंटिमीटर – ४३ लिटर

उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून जास्त होतं. म्हणून एका सेंटिमीटरची चूकही महाग पडते.

> इशारा: पाण्याची उंची खाचेतच मोजू नका. तिथे पाणी खाली वाकलेलं असतं आणि माप हमखास कमी येतं. पाणी खाचेतून हवेत मोकळं पडलं पाहिजे. खालचं पाणी वर येऊन खाचेला टेकत असेल तर ते माप धरू नका.

एक अख्खा मोसम मोजल्यावर निर्णय घ्या. ज्या महिन्यापर्यंत वीज हवी त्या महिन्यातलं सगळ्यात कमी माप घ्या आणि त्यातलं थोडं पाणी वहाळातच सोडा. मासे, खेकडे, गुरं आणि खालच्या अंगाची माणसं त्याच पाण्यावर आहेत. उरलेलं पाणी यंत्राचं.

## टप्पा २: उंची मोजा

मोबाइलवरची उंची इथे कामाची नाही, तिच्यात दहा-पंधरा मीटरचा फरक सहज पडतो. गवंड्याची लेव्हल नळी घ्या: १५ मीटर लांबीची पारदर्शक नळी, पाण्याने भरलेली, आत एकही बुडबुडा नसलेली. दोघांनी वरून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने खाली यायचं, प्रत्येक टप्प्याचा फरक काठीवर मोजून लिहायचा. मग खालून वर परत मोजायचं. दोन मापांत पाच टक्क्यांहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा.

दुसरी सोपी वाट: वरून खालपर्यंत पातळ नळी टाकून पाण्याने पूर्ण भरा आणि खालच्या तोंडाला प्रेशर गेज लावा. पाणी स्थिर असताना एक किलो दाब म्हणजे १० मीटर उंची. काटा ३ वर आला की ३० मीटर. नळीत हवा राहिली असेल तर काटा खोटं सांगतो.

आता गणित करा. छोट्या संचाला हा हिशेब पुरतो:

वॅट = ५ × प्रवाह (लिटर प्रति सेकंद) × उंची (मीटर)

आपल्या उदाहरणात ५ × १० × ३० = १,५०० वॅट. पाण्यात खरी ताकद याच्या जवळजवळ दुप्पट असते. उरलेली पाइप, यंत्र आणि जनरेटर खातात. कोणी ५ ऐवजी ८ किंवा ९ ने गुणून दाखवत असेल तर तो कागदावरची वीज दाखवतो आहे.

## टप्पा ३: गरज मांडा आणि ती पाण्यात बसवा

नेहमीची चूक म्हणजे फक्त युनिटचा हिशेब करणं. गळती धरून वाडीत १,२५० वॅट पोचले असं समजू. दिवसाचे २४ तास म्हणजे ३० युनिट. आता घरातली गरज बघा: ९ वॅटचे चार दिवे पाच तास, ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा आठ तास, ४५ वॅटचा टीव्ही चार तास आणि मोबाइल. एका घराला साधारण ०.६ युनिट. १२ घरांना साडेसात. तीसपैकी साडेसात, म्हणजे चंगळच!

पण संध्याकाळी साडेसातला काय होतं ते पाहा. ३६ + ३० + ४५ + १० म्हणजे एका घराचे १२१ वॅट. सगळी घरं एकदम चालू असली तर १,४५२ वॅट. यंत्र देतं १,२५०. पहाटे तीनला वीज वाया जाते आणि संध्याकाळी पुरत नाही. वहाळाच्या विजेत मर्यादा वॅटची असते, युनिटची नाही. हे वाडीतल्या प्रत्येक घराला यंत्र येण्याआधी कळलं पाहिजे. भांडणं इथेच होतात.

म्हणून प्रत्येक घराला १०० वॅटची मर्यादा ठरवा आणि वाडीच्या बैठकीत लिहून घ्या. मीटरपेक्षा प्रत्येक घराच्या जोडणीवर अर्ध्या अँपिअरचा एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) बसवणं स्वस्त पडतं. तो अगदी १०० वर पडत नाही, ११५-१२० वॅटपर्यंत चालू देतो, पण इस्त्री किंवा शेगडी लावली की पडतोच. मिक्सर, इस्त्री अशी कामं दिवसा, पाळीने, एका सामायिक खोलीत ठेवा. पिठाची गिरणी आणि फ्रिज यांचा विचार सध्या सोडा. त्यांची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते आणि एवढा छोटा जनरेटर तिथेच मान टाकतो.

पाणी उतरल्यावर काय, याचंही उत्तर आताच शोधा. मार्चमध्ये प्रवाह ४ लिटरवर आला तर यंत्र संध्याकाळी चारच तास चालवता येईल, पण त्यासाठी सेकंदाला ६ लिटरची तूट साठ्यातून भरावी लागेल. ६ × ३,६०० × ४ म्हणजे ८६,४०० लिटर. ८ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि दीड मीटरहून थोडं खोल, प्लास्टिकचा कागद घातलेलं तळं. वरच्या अंगाला सपाट जागा असेल तर जमण्यासारखं आहे. नसेल तर उन्हाळ्यातले तीन महिने सौर दिव्यांवर काढायचे हे मान्य करून पुढे चला.

## टप्पा ४: हक्क आणि परवानग्या

पाइप वनजमिनीतून जात असेल तर वनखात्याच्या परवानगीशिवाय एक कुदळही मारू नका. खाली कोणाचा शेतीचा पाट असेल तर त्या शेतकऱ्यांची लेखी संमती घ्या आणि यंत्रातून सुटलेलं पाणी पाटाच्या मुखाच्या वरच वहाळात परत सोडा. वीज कायदा २००३ च्या कलम १४ नुसार राज्य सरकारने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात वीज निर्माण करून वाटायला परवाना लागत नाही, पण कलम ५३ खालचे सुरक्षेचे नियम तिथेही लागू आहेत. ग्रामसभेचा ठराव करून ठेवा. पुढे वाडीतल्या दोन भावक्यांचं पटेनासं झालं तर हाच कागद उपयोगी पडतो.

## टप्पा ५: बांध, जाळी आणि टाकी

बांध मोठा आणि पक्का करायचा मोह आवरा. आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैच्या एका रात्रीत वहाळातून माणसाएवढे धोंडे गडगडत येतात. वहाळभर आडवी भिंत घातली की ती फुटते किंवा गाळाने भरते. त्यापेक्षा मुख एका काठाला, कातळाच्या आडोशाला घ्या आणि पाणी वळवायला दगडमातीचा गुडघाभर कच्चा बांध घाला. पावसात वाहून गेला तर जाऊ द्या, ऑक्टोबरमध्ये वाडीने अर्ध्या दिवसात पुन्हा घालायचा. शेतीच्या पाटाला दरवर्षी बांध घालतो तसाच.

मुखापासून पुढे पाण्याने या क्रमाने जायचं:

१. मोठी जाळी. मुखावर, २५ ते ३० मिलिमीटर फटीची, ६० अंशांत तिरकी. उभी जाळी पानांनी थापली जाते. तिरकीवर पानं वर सरकतात आणि दाताळ्याने ओढता येतात.

२. गाळ टाकी. पाणी इथे संथ झालं पाहिजे. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल टाकी १० लिटर प्रवाहाला पुरते. तळाला धुण्याचा मोठा व्हॉल्व्ह ठेवा. वाळू यंत्रात गेली की इंपेलरची (आतल्या फिरत्या चाकाची) कड एका मोसमात झिजते.

३. बारीक जाळी आणि पाइपाचं तोंड. जाळीची फट १० मिलिमीटर. जाळी पाइपाच्या तोंडाच्या निदान दहापट क्षेत्रफळाची करा, म्हणजे अर्धी तुंबली तरी पाणी कमी पडणार नाही. पाइपाचं तोंड तळापासून २० सेंटिमीटर वर आणि पाण्याखाली निदान ४० सेंटिमीटर असावं. कमी असेल तर भोवरा धरून पाइपात हवा जाते, व्होल्टेज वरखाली नाचतं आणि लोक कंट्रोलर (व्होल्टेज जागेवर ठेवणारं उपकरण) बदलत बसतात.

४. सांडवा. जादा पाणी टाकीच्या कुठल्या बाजूने, कुठे पडेल ते बांधतानाच ठरवा. ठरवलं नाही तर ते टाकीचा पाया पोखरतं.

५. हवेची नळी. पाइपाच्या तोंडालगत, व्हॉल्व्हच्या खालच्या बाजूला २५ मिलिमीटरची उभी नळी बसवून तिचं तोंड टाकीच्या पाण्याच्या पातळीच्या वर उघडं ठेवा.

> इशारा: हवेची नळी विसरू नका. वरची जाळी एकाएकी तुंबली की पाइपातलं पाणी खाली निघून जातं, आत पोकळी तयार होते आणि पीव्हीसी पाइप चिपाडासारखा चपटा होतो. एकदा चपटा झालेला पाइप पुन्हा उपयोगाचा नाही.

## टप्पा ६: पाइप

खर्चाचा मोठा वाटा पाइपाचा असतो, म्हणून कात्री इथेच लागते. ती का लावू नये ते आकड्यांत पाहा. १२० मीटर लांबी आणि १० लिटर प्रवाहाला घर्षणात जाणारी उंची साधारण अशी:

११० मिलिमीटर पाइप – १.७ मीटर (सहा टक्के)
९० मिलिमीटर – साडेचार ते पाच मीटर (पंधरा टक्के)
७५ मिलिमीटर – ११ मीटरहून जास्त (सदतीस-अडतीस टक्के)

७५ चा पाइप घेतला तर ३० मीटर उंचीतले अकरा मीटर पाइपातच गेले. पाइपात दहा टक्क्यांपेक्षा जास्त उंची जाता कामा नये. इथे ११० चाच घ्यायचा.

दाबाचा वर्ग बघा. ३० मीटर म्हणजे ३ किलो स्थिर दाब. व्हॉल्व्ह पटकन बंद झाला की धक्क्याने तो काही क्षण बराच वर जातो. म्हणून ४ किलोचा नको, ६ किलोचा घ्या.

पाइप वरून खाली सतत उतरता ठेवा. मध्ये एक जरी उंचवटा आला तरी तिथे हवा अडकते आणि पाणी निम्म्यावर येतं. उंचवटा टाळताच येत नसेल तर त्याच्या माथ्यावर एअर व्हॉल्व्ह बसवा.

प्रत्येक वळणाला काँक्रीटचा ठोकळा हवा. ११० च्या पाइपात ३ किलो दाब असताना काटकोनी वळणावर साडेतीनशे किलोचा रेटा येतो. सोल्युशनचा जोड तो फार दिवस सहन करत नाही. शक्य तिथे काटकोनी एल्बो टाळून दोन अर्धी वळणं द्या.

पीव्हीसी उन्हात ठिसूळ होतो. दीड-दोन फूट खोल गाडा. कातळ लागला तर दगडमातीने झाका. उघड्या पाइपाला उन्हापेक्षा मोठी भीती वणव्याची. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये सड्यावरचं वाळकं गवत पेटलं की पाइप पाच मिनिटांत वितळतो. झाकता येत नाही तिथे दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर गवत दर जानेवारीत कापून काढा. गवे उघड्या पाइपावरून चालतात हेही लक्षात ठेवा.

तपासणी: खालचा व्हॉल्व्ह बंद ठेवून पाइप भरा आणि एक रात्र तसाच राहू द्या. सकाळी गेजवर ३ किलो दिसलं पाहिजे आणि कुठेही ओल नको. हे झाल्यावरच माती लोटा.

## टप्पा ७: यंत्र

पन्नास मीटरहून जास्त उंची आणि थोडं पाणी असेल तर पेल्टन (झोताने फिरणारं वाट्यांचं चाक). पाणी मोसमभर बदलत असेल आणि पैसे असतील तर क्रॉसफ्लो, म्हणजे पाणी आरपार जाणारं पात्यांचं चाक, आणि तेही गाइड व्हेनचं (पाणी कमी-जास्त करणाऱ्या झडपेचं). आपल्या उदाहरणासारख्या छोट्या वाडीला मात्र परवडणारा आणि तालुक्याच्या गावी दुरुस्त होणारा पर्याय म्हणजे उलटा चालवलेला पंप. थ्री फेज मोनोब्लॉकच्या (पंप आणि मोटर एकत्र असलेल्या संचाच्या) डिलिव्हरीतून पाणी आत सोडायचं, सक्शनमधून बाहेर काढायचं. इंपेलर उलटा फिरतो आणि मोटर जनरेटर होते.

पंप निवडताना चूक होते ती इथे: उंची ३० मीटर म्हणून लोक ३० मीटर हेडचा पंप आणतात. उलटा चालताना पंपाला त्याच्या पाटीवरच्या आकड्यांपेक्षा जास्त पाणी आणि जास्त उंची लागते. ६५ टक्के कार्यक्षमतेच्या पंपाला साधारण १.४ पट पाणी आणि १.७ पट उंची. म्हणजे उलटं गणित करायचं: घर्षण वजा जाता उरलेले २८.३ मीटर भागिले १.७, सुमारे १७ मीटर. १० लिटर भागिले १.४, सुमारे ७ लिटर. तेव्हा सेकंदाला ७ लिटर, १७ मीटर हेड, १,४४० फेऱ्यांचा, ३ एचपीचा थ्री फेज पंप मागा. २,८८० फेऱ्यांचा स्वस्त मिळतो, पण २४ तास चालवताना त्याचे बेअरिंग आणि सील लवकर जातात.

घेण्यापूर्वी हे बघा:

- इंपेलर शाफ्टवर चावीने बसवलेला असावा. आट्यांवर फिरवून बसवलेला असेल तर उलटा फिरताना सुटून येतो. नटही उलट दिशेने सुटणार नाही असा लॉक करून घ्या.
- नॉन रिटर्न व्हॉल्व्ह आणि फुटव्हॉल्व्ह काढून टाका.
- सिंगल फेजचा पंप नको, सबमर्सिबलही नको.

पंपाची एक मर्यादा कायमची आहे. तो ठरलेल्या प्रवाहालाच चालतो. पाणी दहावरून सातवर आलं तर वीज तीस टक्क्यांनी नाही, निम्म्याहून खाली येते. म्हणून टप्पा १ मधलं सगळ्यात कमी माप. जमत असेल तर एकाच पाइपावर दोन पंप बसवा, एक मोठा आणि एक निम्म्या प्रवाहाचा, मोसम बघून बदलायला.

यंत्रघराची जागा ठरवताना काठच्या झाडांच्या फांद्यांत अडकलेला कचरा शोधा. पुराची पातळी त्याच्यावरून कळते. यंत्र त्याच्या मीटरभर वर ठेवा. उंची वाया जाईल ही भीती नको: सक्शनला खाली जाणारा, टोक पाण्यात बुडलेला हवाबंद पाइप जोडला की गेलेली बरीचशी उंची परत मिळते.

## टप्पा ८: मोटरचा जनरेटर

हे काम जाणत्या वायरमनकडून आणि रिवाइंडिंगवाल्याकडूनच करून घ्या, पण काय करायचं ते तुम्हाला माहीत असू द्या.

पाटीवर ४१५ व्होल्ट स्टार असलेली मोटर डेल्टा जोडणीत २४० व्होल्टची होते. बाहेर तीनच वायरी असतील तर रिवाइंडिंगवाल्याकडून सहा काढून घ्या. मग एका फेजला एक माप कपॅसिटर आणि दुसऱ्या फेजला त्याच्या दुप्पट. मोटरच्या चुंबकत्वाला लागणारा करंट हेच कपॅसिटर देतात. तिसऱ्या फेजला काही नाही. वाडीची लाइन एक माप कपॅसिटर असलेल्या फेजवरून निघते. तीन एचपीच्या मोटरला सुरुवात ४० आणि ८० मायक्रोफॅरडपासून करा, आणि पूर्ण भारावर २३० व्होल्ट व ५० ते ५२ हर्ट्झ मिळेपर्यंत थोडं थोडं वाढवा. कपॅसिटर मोटर-रनचे, ४४० व्होल्टचे घ्या. मोटर-स्टार्टचे काही मिनिटांत फुटतात.

दुप्पट कपॅसिटर कुठल्या फेजला लावायचा हे फिरण्याच्या दिशेवर अवलंबून असतं. चुकलं तरी दिवे लागतात, म्हणून चूक लक्षात येत नाही, पण मोटर तापत जाते. पूर्ण भारावर अर्धा तास चालवून क्लॅम्प मीटरने तिन्ही वाइंडिंगचे करंट बघा. एक फारच जास्त आला किंवा बॉडीवर हात ठेववत नसेल तर बंद करा, दुप्पट कपॅसिटर तिसऱ्या फेजवर घ्या आणि पुन्हा मोजा.

इंडक्शन जनरेटर कंट्रोलर अत्यावश्यक. वाडीतले दिवे बंद झाले की तो तेवढा भार हीटरवर टाकतो आणि व्होल्टेज जागेवर ठेवतो. हीटर निदान १,६०० वॅटचा हवा. १,००० च्या दोन कॉइल वाहत्या पाण्याच्या टाकीत बसवा. हीटरच्या तारेत स्विच ठेवू नका, कोणीतरी 'वीज वाचवायला' तो बंद करेल आणि सगळ्या घरांतले दिवे एकदम जातील. जनरेटर आणि कपॅसिटर यांच्या मध्ये एमसीबी हवाच: यंत्र बेफाम सुटलं तर तो पडतो आणि वीज तयार होणंच थांबतं.

> इशारा: यंत्र थांबल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहतो. त्यांच्यावर डिस्चार्ज रेझिस्टर कायम जोडलेले हवेत. हात लावण्यापूर्वी मीटरने शून्य बघा.

## टप्पा ९: वाडीपर्यंतची लाइन

सहा अँपिअर, ४०० मीटर. १६ चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियम केबलमध्ये साधारण ९ व्होल्ट पडतात, म्हणजे चार टक्के. ४ चौरस मिलिमीटर तांब्यात २२ व्होल्ट, जवळजवळ दहा टक्के. केबल झाडांना बांधू नका. वाऱ्याने झाड हलतं, घासून इन्सुलेशन जातं.

अर्थिंग यंत्रघराजवळ, ओल्या मातीत. सड्यावरचा जांभा उन्हाळ्यात वीज वाहून नेत नाही. न्यूट्रल तिथेच एकदा अर्थ करा, प्रत्येक घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) द्या आणि त्याचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. ऑक्टोबरातल्या गडगडाटी पावसासाठी लाइनच्या दोन्ही टोकांना सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत सोडणारं उपकरण) बसवा.

> सगळ्यात महत्त्वाचा इशारा: ज्या घरात महावितरणची जोडणीही आहे तिथे दोन पोलचा चेंजओव्हर स्विच हवाच. तुमची वीज उलटी त्यांच्या लाइनमध्ये गेली, तर लाइट गेली म्हणून खांबावर चढलेला वायरमन जिवाला मुकेल. ट्रान्सफॉर्मर उलटा चालून तिकडे ११,००० व्होल्ट होतात. यात कसलीही तडजोड नको.

## टप्पा १०: पहिल्यांदा चालू करताना

१. वाडीचा मेन बंद, हीटर जोडलेला. हे दोनदा बघा.
२. वरचा व्हॉल्व्ह थोडा उघडून पाइप सावकाश भरा. हवेच्या नळीतून फुसफुस थांबली की पूर्ण उघडा.
३. खालचा व्हॉल्व्ह मोजून एका मिनिटात हळूहळू उघडा. फेऱ्या वाढतात, मग व्होल्टेज एकाएकी उभं राहतं.
४. कंट्रोलर २३० दाखवतो आहे, टाकीतलं पाणी कोमट होतं आहे: हीटरवर भार आहे.
५. आता वाडीचा मेन, आणि एकेक घर.

बंद करताना उलटा क्रम, आणि खालचा व्हॉल्व्ह पुन्हा मिनिटभर घेऊन.

फेऱ्या पूर्ण आहेत पण व्होल्टेज शून्यच? बहुतेक वेळा मेन चालू राहिलेला असतो. नसेल तर मोटरचं उरलंसुरलं चुंबकत्व गेलं आहे. यंत्र थांबवा, कपॅसिटर रिकामे करा, १२ व्होल्टची बॅटरी एका वाइंडिंगला दोन-तीन सेकंद लावून काढा आणि पुन्हा सुरू करा.

## टप्पा ११: पाळी, पैसे आणि पावसाळा

दोन माणसं पूर्ण शिकलेली हवीत, एक नाही. एक मुंबईला गेला की वाडी अंधारात जाते. जाळीची पाळी घराघरावर लावा: रोज सकाळी एकदा, आणि पानगळीत संध्याकाळीही. भिंतीवर वही टांगा आणि रोज तीनच गोष्टी लिहा: गेजचा दाब, व्होल्ट, जाळी कोणी साफ केली. यंत्र चालू असताना गेज ३ च्या जवळ असतं. ते रोज थोडं थोडं खाली येत असेल तर वर जाळी तुंबते आहे. दाब तोच आणि व्होल्ट कमी, तर दोष यंत्रात किंवा कपॅसिटरमध्ये.

वर्गणी १०० वॅटच्या जोडणीमागे महिन्याची ठरावीक, वापर कितीही असो. ऑक्टोबर ते मार्च अखंड चालवलं की चार हजारांहून जास्त तास होतात, म्हणून बेअरिंग आणि मेकॅनिकल सील दर मोसमानंतर बदलायचेच. त्यांचा एक जोड, दोन कपॅसिटर आणि कंट्रोलरचे फ्यूज नेहमी कपाटात असू द्या.

मृगाच्या आधी पाइपाच्या तोंडाची जाळी काढून घरात ठेवा, वरचा व्हॉल्व्ह बंद करा, गाळ टाकीचा उघडा ठेवा, पंपातलं पाणी काढून मोटर झाकून ठेवा. पावसाळ्यातही वीज हवी असेल तर पहिले आठ-दहा पूर जाऊ द्या. पहिल्या पुराच्या पाण्यात वर्षभराची वाळू आणि पाचोळा असतो. पाणी निवळलं की पातेलंभर घेऊन तासभर स्थिर ठेवा, तळाला वाळू बसली नाही तर जाळी लावा.